बैलाला डॉक्टर, मोटारीला पावती

जुन्नर-आंबेगावात बैलगाड्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैल पळवायचा तर आधी जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. बैल तंदुरुस्त आहे, पळण्याजोगा आहे, असं नोंदणीकृत पशुवैद्यकानं लिहून द्यायचं. अर्ज आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे, धाव हजार मीटरच्या आत, चाबूक-काठी बंद. २०१४ साली बंद पडलेल्या शर्यती १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं या अटींवर पुन्हा चालू करू दिल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्यावर कायमचा शिक्का मारला. अटी प्रत्यक्षात किती पाळतात, ते घाटावर जाऊन बघावं. आमच्यावर विश्वास ठेवू नये. पण एवढं तरी आपण कागदावर कबूल केलं की जो पळणार आहे त्याला पळायच्या आधी कुणीतरी जाणत्यानं बघून घ्यावं.

आता त्याच बैलाचा मालक शर्यतीला ज्या मोटारीतून येतो, तिच्याकडे वळू. पुढं मालक आणि मेहुणा, मागं आई, बायको, दोन पोरं आणि पोरांच्या मांडीवर भंडाऱ्याची पिशवी. गाडी २०१२ ची. शोरूममधून बाहेर पडल्यापासून आजवर तिचं एकही चाक सरकारच्या वतीनं कुणी उचलून बघितलेलं नाही. मालकानं काही चुकवलंय, लपवलंय असंही नाही. कायदाच तसा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ४१: खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी. त्यानंतर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, आणि गाडी चालण्याजोगी आहे का हे बघायचं ते तेव्हा. पंधराव्या वाढदिवसापर्यंत खासगी मोटार म्हातारी होत नाही, तिचे ब्रेक झिजत नाहीत, टायर गोटा होत नाहीत, स्टिअरिंगला खेळ येत नाही. हे आम्ही म्हणत नाही, संसदेनं म्हटलंय.

बैलाचा हा हजार मीटरचा हिशेब आणि मोटारीचा पंधरा वर्षांचा हिशेब एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. गाय-बैल बोलत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी बोलणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या. मागच्या सीटवरच्या आजींना बोलता येतं, म्हणून त्यांच्यासाठी कुणीच गेलं नाही.

बरं, सरकारला गाडी तपासताच येत नाही म्हणावं तर तेही खोटं. पिकअपवाल्याला विचारा. पिवळ्या नंबर प्लेटच्या गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांचं, मग दरवर्षी. म्हणजे नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट नेणारी गाडी वेळच्या वेळी मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी राहते. संध्याकाळी तोच माणूस आपल्या पांढऱ्या प्लेटच्या गाडीत पोरंबाळं घालून लग्नाला निघतो, तेव्हा ती गाडी कुणाच्या बापाला दाखवायची गरज नाही. टोमॅटो सुखरूप पोचतात, एवढी खात्री राज्यानं घेतलेली आहे.

या दोन गाड्या एकाच घाटातून जातात, हे कायदा करणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

घाट म्हणजे आमचा आणे घाट. माळशेज नव्हे. माळशेजला धुकं आहे, धबधबे आहेत, पावसाळ्यात टीव्हीवाले आहेत. आणे घाटाला यातलं काही नाही. आळेफाट्याहून नगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगरच्या, दिशेला बेल्हे सोडलं की गुळुंचवाडी लागते. तिथं ओढ्यावर निसर्गानंच दगडाचा पूल बांधून ठेवलाय, खाली मळगंगेचं ठाणं आहे. त्या पुलाचं पासिंग कुणी केलं ठाऊक नाही, पण टिकलाय. तिथून रस्ता पठारावर चढतो आणि वर आणे. पुढं टाकळी ढोकेश्वर, म्हणजे पारनेर तालुका, म्हणजे एमएच-चौदाच्या प्लेटी संपून सोळाच्या चालू. रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग २२२ होता, आता ६१ आहे. नंबर बदलला, वळणं तीच आहेत.

या घाटात उतरताना एक कला चालते, ती वर्षानुवर्षं बापाकडून पोराकडं येते. माथ्यावर आलं की गिअर काढून न्यूट्रल करायचा. काही उस्ताद त्याहून पुढचे, ते किल्लीच फिरवतात आणि इंजिन बंद. डिझेल वाचतं. किती वाचतं? चहाच्या अर्ध्या कपाचं असेल. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी ताकद एक-दोन दाबांत संपते, मग पायाखाली दगड ठेवल्यासारखा पेडल लागतो. किल्ली जरा जास्त फिरली तर स्टिअरिंगही अडकतं. आणि नुसत्या न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर. लायनर तापतात, ब्रेक ऑइल तापतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. दोन-तीन वर्षं बदललं नाही तर तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल फसकन खाली जातो. गाडी अर्थात थांबत नाही. हे सगळं बेल्ह्याच्या बाजूनं खाली उतरायच्या आत घडू शकतं.

आता हे ऑइल शेवटचं कधी बदललं, असं आपण कुणाला विचारलं तर उत्तर येतं, “टॉप-अप केलंय की.” टॉप-अप हा मराठी माणसाचा राष्ट्रीय देखभाल कार्यक्रम आहे. कूलंट टॉप-अप, ऑइल टॉप-अप, रिचार्ज टॉप-अप.

आळेफाट्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये परवा एक मोटार जॅकवर चढवलेली बघितली. तक्रार काय, तर ‘ब्रेक मारला की जरा आवाज येतो’. मिस्त्रीनं पुढचं डावं चाक काढलं, कॅलिपरचे बोल्ट सोडले आणि दोन पॅड काढून माझ्या हातात दिले. बाहेरच्या पॅडवर नखाएवढा मसाला शिल्लक होता. आतल्या पॅडवर मसाला नव्हताच, नुसती लोखंडी पट्टी. ती पट्टी डिस्कवर घासून घासून डिस्कला गोल गोल चर पडले होते. बोट फिरवलं तर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे हाताला लागत होते. पिन जाम झालेली, त्यामुळं एकच पॅड घासत राहिलेला. “किती दिवस आवाज येतोय?” मिस्त्रीनं विचारलं. मालक म्हणाले, “गणपतीपासून असेल.” मग जरा थांबून, “पण टेपचा आवाज मोठा असला की कळत नाही.” मिस्त्री काही बोलला नाही. असल्या वाक्यांची त्याला सवय असावी.

या गाडीचे कागद मात्र लखलखीत होते. विमा चालू. पीयूसी चालू. नंबर प्लेट नवी, सरकारी होलोग्रामवाली. कायद्याच्या नजरेनं गाडी पूर्ण निरोगी.

पीयूसीला हसू नये, ती एकुलती एक तपासणी आहे जी पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाडीला नियमानं होते. नवी गाडी वर्षाची झाली की लागते. बीएस-चार आणि बीएस-सहाला वर्षाची, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची. दर चारचाकी पेट्रोलला १२५, डिझेलला १५०. पेट्रोलच्या गाडीला सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलला झटक्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबून धूर किती काळा ते बघतात. शास्त्र चांगलं आहे. मग मारुती व्हॅनमध्ये संगणक घेऊन बसलेला पोरगा आपल्याला विचारतो, “काढायचीय का नवीन?” नळी जाते, जरा इंचभर आत, टोक बाहेरच्या हवेशी गप्पा मारत राहतं. नंबर प्लेटचा फोटो निघतो. फोटोसाठी मात्र गाडी दोनदा पुढं-मागं घ्यायला लावतात, कारण फोटो सर्व्हरला जातो आणि धूर जात नाही. गाडी नापास झाल्याचं आपण कधी ऐकलंय का? नापासाची प्रिंट निघते तरी का, अशी आमची प्रामाणिक शंका आहे.

आणि तरी, पीयूसी नसली तर दंड किती? कलम १९०, पोटकलम दोन: दहा हजार रुपयांपर्यंत, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, वर तीन महिने लायसन बाजूला. याच कलमाचं पोटकलम एक वाचा. त्यात आहे धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर चालवणं, म्हणजे तो दोष माहीत असून, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा. ब्रेक त्यातच आले. दंड? पंधराशे रुपयांपर्यंत. तेही २०१९ ला वाढवून. आधी अडीचशे होता. म्हणजे सायलेन्सरमधून धूर निघाला तर दहा हजार, आणि ब्रेक लागलेच नाहीत तर पंधराशे. अपघातात कुणी जखमी झालं तर मात्र कैद किंवा पाच हजार. हा हिशेब कुणी केला त्यांना एकदा आणे घाटातून खाली आणावं. न्यूट्रलमध्ये.

धुराचा एवढा राग आहे की सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी ‘पीयूसी नाही तर इंधन नाही’ असं धोरण जाहीर केलं. पंपावर गाडी लावली की कॅमेरा नंबर वाचणार आणि पीयूसी नसेल तर नोझल परत. चांगलं आहे. पण पंपावर गाडी तशीही थांबलेलीच असते, तर त्याच ठिकाणी एखादा माणूस टायरच्या खाचेत नाणं घालून का बघत नाही? टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला, हेही केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. नियम आहे, मोजणारा नाही. पंपावरचा पोरगा हवा भरतो तेव्हा टायरकडे बघतो, तोच तेवढा आमचा निरीक्षक. तोही म्हणतो, “काका, पुढचे दोन गेलेत.” काका म्हणतात, “दिवाळीत बघू.”

खासगी गाडीला आणखी एक तपासणी आहे, ती सीएनजीवाल्यांना. टाकीची दर तीन वर्षांनी दाबाखाली चाचणी. ही मात्र खरी. टाकी काढतात, पाणी भरतात, दाब देतात, मग पट्टीवर तारीख. ती किती जण वेळेवर करतात ते टाकीच्या पट्टीवर तारीख बघून स्वतः ठरवा. डिकीतली बॅग, छत्री आणि देवाच्या नारळाची शेंडी-करवंटी बाजूला केलीत तर दिसेल.

विमा कंपनीही गाडी बघते, असं कुणी म्हणेल. बघते की. विमा संपून चार दिवस झाले की कंपनीचा माणूस मोबाइल घेऊन येतो, चारी बाजूंनी फोटो काढतो, बंपरवरचे ओरखडे टिपून घेतो. उद्या ओरखड्याचे पैसे मागाल म्हणून. ब्रेक त्यांच्या कॅमेऱ्यात येत नाहीत.

मग येतं पंधरावं वर्ष. पंधरा वर्षं सरकार जिच्याकडं ढुंकून बघत नाही, तिच्यावर एकदम प्रेम उफाळून येतं.

आणे जुन्नर तालुक्यात, आणि जुन्नर पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत. म्हणजे मोशी. आण्याहून मोशी म्हणजे शंभर किलोमीटरच्या जवळपास: आळेफाटा, नारायणगाव, कळंब, मंचर, राजगुरुनगर आणि मग चाकण. चाकणच्या चौकात क्लच-ब्रेक-क्लच-ब्रेक करत जी गाडी पलीकडे निघते तिची क्लचप्लेट पास झालीच असं समजून निरीक्षकांनी पुढचा रकाना भरावा. अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत करायचा, फॉर्म २५. उशीर झाला आणि नोंदणी संपली तर गंमत अशी की गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा, आणि गाडी रस्त्यावर आणल्याशिवाय ती रस्त्यावर चालण्याजोगी आहे हे दाखवता येत नाही. टेम्पोत घालून न्यावी तर टेम्पोचं भाडं गाडीच्या किमतीएवढं.

फीचं ऐका. १ एप्रिल २०२२ च्या आधी जुन्या खासगी मोटारीचं नूतनीकरण सहाशे रुपयांत होत होतं. त्या दिवसापासून पाच हजार. मोटारसायकलचं तीनशेवरून हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार झाले, मोटारसायकलला दोन हजार. वर राज्याचा पर्यावरण कर: पाच वर्षांचे पेट्रोल मोटारीला तीन हजार, डिझेलला साडेतीन. वीस वर्षांची मारुती ८०० गावात ज्या किमतीला फिरते, त्यात ही फी म्हणजे गाडी दुसऱ्यांदा विकत घेणं. ठीक आहे, जुन्या गाड्या कमी व्हाव्यात हे सरकारचं धोरण आहे, १३ ऑगस्ट २०२१ ला मोठ्या समारंभात जाहीर झालंय. भंगारात घालायची तर घाला, पण निदान तसं म्हणा. सहाशेचे पाच हजार केले म्हणून तपासणी आठपट कडक झाली, असं कुणी ऐकलंय का? ब्रेक तेच, रांग तीच, पावती तेवढी जाड झाली.

सरकारनं स्वतःच्या गाड्यांबाबत मात्र सरळ हिशेब केला. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं नूतनीकरणच बंद, एसटीसकट. फिट आहे की नाही हा प्रश्नच नाही. ज्यांना आपल्या गाड्यांची देखभाल कशी होते ते आतून माहीत आहे, त्यांचा हा निर्णय असल्यामुळं आम्ही त्यावर टीका करत नाही.

आणि मोशीला पोचल्यावर काय बघतात? आधी चासी नंबर. त्याची कागदावर पेन्सिलनं घासून प्रिंट काढायची असते. बॉनेट उघडून, ग्रीस-माती फडक्यानं पुसून, नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची, अंक हळूहळू उमटतात. हे काम करणारे पोरगे गेटाबाहेर असतात, खिशात पेन्सिल आणि चिकटपट्टी. मग कागद. इथं खरी परीक्षा. पंधरा वर्षांपूर्वी गाडी घेतली ती पतसंस्थेच्या कर्जावर; कर्ज फिटलं, पेढे वाटले, पण आरसी बुकावरची पतसंस्थेची नोंद उतरवायची राहिली. आता त्या पतसंस्थेचा दाखला आणा. पतसंस्था कुठंय? ठेवीदारही तेच विचारतायत. किंवा आरसी वडिलांच्या नावावर. वडील वारून सात वर्षं झाली. वारसांच्या सह्या आणा. तीन बहिणी, एक सुरतला, आणि धाकटीशी विहिरीवरून बोलणं बंद. गाडीचे ब्रेक लागतात का, हा प्रश्न या सगळ्यात कुठं बसतो ते वाचकांनी ओळखावं.

धंद्याच्या गाड्यांचं पासिंगही वर्षानुवर्षं असंच व्हायचं, नजरेनं. श्रीकांत कर्वे यांनी मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली, तेव्हा कोर्टानं आरटीओंना विचारलं, गाडी न पळवता ब्रेक कसे तपासता? मग अडीचशे मीटरचे ट्रॅक शोधायची धावपळ झाली. पुण्याच्या गाड्यांना त्यासाठी सासवडच्या वाटेवर दिवे गाव गाठावं लागलं. २०१८ साली नियम धाब्यावर बसवून दाखले दिले म्हणून काही निरीक्षक निलंबितही झाले. ब्रेकची चाचणी ब्रेक लावून घ्यावी, एवढं ठरायला हायकोर्ट लागलं. आणि हेही पिवळ्या प्लेटसाठी. पांढऱ्या प्लेटच्या मागच्या सीटसाठी अजून याचिकाकर्ता यायचाय.

नंबर प्लेटवरून आठवलं. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. एप्रिल २०१९ च्या आधीच्या प्रत्येक गाडीला सक्तीची, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी. मुदत ३१ मार्च २०२५. मग ३० एप्रिल. मग ३० जून. मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. मुदती एवढ्या सरकल्या तरी एक गोष्ट सिद्ध झाली: सरकारनं मनावर घेतलं तर राज्यातली प्रत्येक जुनी गाडी, आणे पठारावरचीसुद्धा, एका ठिकाणी बोलावून, दहा मिनिटं उभी करून, तिला स्क्रू मारता येतात. त्या दहा मिनिटांत स्क्रू मारणाऱ्यानं वाकून टायर बघितला असता तर? ब्रेक लाइट लागतो का म्हणून एकदा पेडल दाबायला सांगितलं असतं तर? लाखो गाड्यांची जत्रा सरकारनं आयती भरवली आणि फक्त प्लेट लावून सोडून दिली. आता गाडी कुणाला उडवून पळाली तर नंबर स्पष्ट दिसेल, हा फायदा आहेच.

इंग्लंडात १९६० साली मोटारींची सक्तीची तपासणी चालू झाली तेव्हा तीही दहा वर्षांवरच्या गाड्यांची होती: ब्रेक, दिवे, स्टिअरिंग. आपल्यासारखंच वाटलं असेल त्यांना, की नव्या गाडीला काय होतंय. गाड्या धडाधड नापास व्हायला लागल्या, तेव्हा पुढच्याच वर्षी मर्यादा सातवर आणली आणि १९६७ पर्यंत तीनवर. आज तिथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी. तपासतो कोण? गल्लीतला परवानाधारक गॅरेजवाला. जर्मनीत आणि जपानात पहिल्यांदा तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. तिकडं गेलेली आपली मराठी पोरं फोनवर कुरकुरतात, गाडी नापास झाली, टायर बदलायला लावले, अमुक इतके पौंड गेले. तीच पोरं दिवाळीला गावी आली की मुंबईहून भाड्यानं गाडी घेतात आणि ड्रायव्हरला विचारतात, “दादा, सीटबेल्टचं बक्कल कुठंय?” दादा म्हणतात, “कव्हरच्या खाली गेलंय.”

हो, मुंबई राहिली. आमच्या पठारावरचे निम्मे लोक पोटासाठी मुंबईत. तिथं गाडी म्हातारी झाली की ती विकत नाहीत, ‘गावाला ठेवू’ म्हणतात. मुंबईच्या सपाट रस्त्यावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आयुष्य काढलेली गाडी निवृत्तीनंतर आणे घाटात कामाला लागते. आण्याला रंगदास स्वामींच्या यात्रेला, आमटी-भाकरीच्या प्रसादाला गर्दी होते तेव्हा या सगळ्या निवृत्त गाड्या एकाच दिवशी घाट चढताना बघाव्यात. बॉनेट उघडून रेडिएटरवर पाणी ओतणारे दोन-चार जण प्रत्येक वळणावर असतात. वर कढईत आमटी उकळतेय आणि खाली रेडिएटर. चढताना त्रास होतो म्हणून लोक गाडीला नावं ठेवतात. उतरताना मात्र, पोट भरलेलं, अंधार पडलेला, एक हेडलाइट आकाशाकडं आणि दुसरा शेजारच्या शेताकडं, गाडी कशी हलकी चालते म्हणून कौतुक.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याचंही तेच. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेताना गिऱ्हाईक जनावराचं तोंड उघडून दात मोजतं, आदत आहे की दोन दाती की जुळलेला ते बघतं, खूर उचलतं, चार पावलं चालवून बघतं, रुमालाखाली बोटं दाबत अर्धा तास घासाघीस करतं. तोच माणूस मोटार घेताना दार आपटून बघतो, एसी लावून बघतो, आणि विचारतो, “सिंगल ओनर आहे ना?”

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे, आणि ते कुणाला आवडणार नाही. गाडीवाल्यांना नाही, कारण आणखी एक काम लागेल. एजंटांना नाही, कारण त्यांना त्यात काही मिळणार नाही अशी रचना करावी लागेल. सहाव्या वर्षापासून दर दोन वर्षांनी खासगी गाडीचे ब्रेक, टायर, दिवे आणि स्टिअरिंग, एवढंच बघावं. बाकी काही नाही. रंग, कागद, पतसंस्था, बहिणी, काही नाही. मोशीला नाही, आळेफाट्याला, मंचरला, जुन्नरला, जिथं गाड्या आहेत तिथं. लायसनसाठी आरटीओचा कॅम्प तालुक्यात येतो, तसा गाडीसाठी यावा. फी शंभर-दोनशे. दंड शून्य, नुसती चिठ्ठी द्यावी, काय बदलायचं त्याची, आणि बदलून आल्यावर स्टिकर. मोठमोठी स्वयंचलित तपासणी केंद्रं जरूर उभारा, फीत कापा, पण ब्रेकचा पॅड बघायला कोट्यवधीचं यंत्र लागत नाही. चौदा नंबरचा पाना आणि वाकायची तयारी लागते.

“म्हणजे आणखी एक खिडकी,” असं आमचे एक मित्र म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. या राज्यात एकही खिडकी अशी नाही जिच्या शेजारी दुसरी लहान खिडकी उघडत नाही. पीयूसीचं जे झालं तेच याचं होईल, गाडी घरी आणि स्टिकर हातात. होईलही. पण पीयूसी खोटी निघाली तर धूर जरा जास्त निघतो. ब्रेकचं स्टिकर खोटं निघालं तर पहिला बळी स्टिकर घेणाऱ्याचाच जाणार आहे, आणि आपला माणूस स्वतःच्या जिवाबाबत बाकी काही नसला तरी हिशेबी आहे, अशी आमची भाबडी आशा.

समजा, झालंच. आळेफाट्याला मंडप पडला, जॅक आला, पाने आले, निरीक्षक आले, हार-तुरे झाले. मग प्रश्न येईल पहिली गाडी कुणाची. सरपंचांची म्हणावं तर ती नेहमी ‘कामात’ असते. आमदारसाहेबांची म्हणावं तर काचांवर काळी फिल्म, जी सुप्रीम कोर्टानं २०१२ सालीच बंद केलीय, त्यामुळं आत कोण बसलंय ते दिसत नाही आणि कुणाला विचारायचं तेही कळत नाही. कारखान्याच्या संचालकांची गाडी नवी असते, दर निवडणुकीला. ऊस वाहणारा ट्रॅक्टर बोलवावा तर त्याला मागचा दिवाच नाही, तो रात्री सापडतच नाही. शेवटी असं ठरेल की सुरुवात पत्रकारांपासून करावी, समाजाचा आरसा वगैरे. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत ‘प्रेस’ लिहिलेली एक गाडी पुढं घेतील. माझी नव्हे, माझ्या गाडीवर काही लिहिलेलं नाही. त्या ‘प्रेस’वाल्या गाडीचा आरसा दोरीनं बांधलेला असेल.